टाकीचा नैवेद्य

व्यंकटरावांच्या हाती माईक आला की त्यांना ब्रह्मदेवाचा बापही आवरू शकत नाही, हे धारवाडीतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या हाती माईक दिला कुणी, याचा पत्ता अजून लागलेला नाही. देवळावरच्या भोंग्यातून त्यांचा आवाज घुमला आणि तो पुढे पाच गावांच्या भोंग्यांवर गेला.

"मंडळी, बैल आता राहिले किती? बोटावर मोजावे इतके! सगळीकडं ट्रॅक्टर. पण आपल्या शेणाला किंमत दिली कोणी? वीस बायांना बारमाही काम दिलं कोणी? रानात काळंभोर खत टाकलं कोणी? आपल्या गोबरगॅसच्या प्लँटनं! तोच आपला आताचा बैल. तवा उद्या पोळ्याचा पयला नैवेद्य त्याला. कोणी मागं राहायचं न्हाई!"

आता व्यंकटराव काही वेडे नव्हेत. पाच गावांच्या शेतकऱ्यांची कंपनी उभी करायला पाच वर्षं त्यांनी चपला झिजवल्या. जवळा बाजारहून हट्ट्याकडे जाताना डाव्या हाताला जो हिरवा घुमट आणि त्याच्या शेजारी पांढरा फुगा दिसतो, तो त्यांच्याच हट्टानं दिसतो. माणूस मनापासून उपकार मानणारा. पण उपकार मानायचे ते भोंग्यावरून, ही त्यांची खोड.

आणि भोंग्यातलं एक अक्षरही जिला ऐकू आलं नाही, ती एकटी करुणा. कारण ती होती कॉम्प्रेसरच्या खोलीत, कानात बोळे घालून.

करुणा हट्ट्याची. नांदेडला डिप्लोमा केला, मग चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षं कॉम्प्रेसर सांभाळले. धारवाडीत प्लँट होतोय म्हटल्यावर अर्ज घेऊन आली, तेव्हा सभेत दोघातिघांनी नाकं मुरडली. बाईमाणूस, त्यात एवढा दाब, एवढा गॅस, काही झालं तर? तेव्हा मागच्या रांगेतून जनकाबाई उठली. साठीची बाई, जन्मभर शेण काढलेली, अजूनही प्लँटवर शेण कालवायच्या हौदाची मुकादम. ती म्हणाली, "काहून, बाईमाणसानं गॅस पेटवलाच न्हाई व्हय आजवर? तुमचा चहा काय सूर्यावर उकळतो? पोरगी शिकलेली हाय, आपल्याकडची हाय. तिलाच ठेवा." झालं, ठेवली. करुणा हे विसरली नव्हती. चाकणच्या खोलीवर एकटीनं खाल्लेला भात आठवला की तिला सभेत उभी राहिलेली जनकाबाई आठवायची, आणि मनातल्या मनात ती त्या बाईला रोज एकदा तरी हात जोडायची.

प्लँटचं काम तसं सोपं. हौदात शेण, सोयाबीनचं कुटार, बाजारातला उरलेला भाजीपाला कालवायचा आणि घुमटाच्या टाकीत ढकलायचा. टाकीतले जंतू ते पचवतात, गॅस होतो, आणि तो फुग्यात साठतो. पण हा गॅस म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त मिथेन, बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. चुलीला चालेल, गाडीला नाही. गाडीला हवा निव्वळ मिथेन. ते काम मेम्ब्रेनचं.

मेम्ब्रेन पहिल्यांदा आली, तेव्हा जनकाबाईनं त्या स्टीलच्या नळकांड्यात डोकावून पाहिलं होतं. आत केसाएवढ्या बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा.

"अगं बाई, ह्या तर शेवया!"

"शेवयाच समज, जनकामाय. फक्त आतून पोकळ. एका तोंडानं दाबून गॅस सोडायचा. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं ना, तसा नको असलेला वायू ह्या नळ्यांच्या अंगातून पाझरून बाहेर जातो. मिथेन पाझरत न्हाई, तो सरळ दुसऱ्या तोंडानं निघतो."

"आन् ह्यांना काय जपायचं?"

"ओल. गॅस कोरडा अन् स्वच्छ पायजे. शेणाचा फेस एकदा आत गेला की नळ्या कायमच्या बुजल्या. मग परदेशातून नव्या येईस्तोवर सहा महिने."

"म्हंजे बाळंतिणीवानी जपायचं," जनकाबाई म्हणाली, आणि तेव्हापासून त्या खोलीजवळ ती पाय न धुता कधी गेली नाही.

आणि आता परीक्षा चालू होती. गॅस विकत घेणाऱ्या कंपनीची अट अशी, की सलग बहात्तर तास गॅस मिळाला पाहिजे आणि मिथेन शंभरात पंचाण्णवच्या खाली उतरता कामा नये. मध्ये एक मिनिट जरी लाईन बंद पडली तर नापास, आणि पुन्हा परीक्षा पुढच्या वर्षी. प्लँट तितकी कळ काढू शकणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नापास म्हणजे कुलूप. वीस बाया घरी, पाच गावांचं शेण पुन्हा उकिरड्यावर, आणि करुणा पुन्हा चाकणच्या गाडीत. तारीख कंपनीनं ठरवलेली. पोळा मध्ये येतो हे त्यांच्या कॅलेंडरात नसावं. पोळ्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी पाचला घड्याळ सुरू झालं आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, पाचला संपणार होतं. कंपनीकडून विजया मॅडम आल्या होत्या. चष्मा, वही, आपलं सील केलेलं मीटर, आणि हसायचं नाही असा नेम केल्यासारखा चेहरा.

पोळ्याच्या संध्याकाळी करुणा आणि विजया मॅडम कॉम्प्रेसरच्या घरघरीत मीटरपुढे बसल्या होत्या आणि प्लँटच्या पलीकडच्या टोकाला, हौदापाशी, जत्रा लोटली होती. ताटं घेऊन बाया, डोक्यावर टोपल्या घेऊन गडी. चार गावांच्या पुरणपोळ्या तर ट्रॉल्यांत भरून आल्या. व्यंकटरावांनी वरून गुळाच्या ढेपा दिल्या. आणि जनकाबाईनं हौसेनं, आपल्या हातानं, एकेक पोळी कुस्करून हौदात सोडली. "खा बाबा, खा," म्हणत होती. "तुझ्यामुळं मरताना शेणाची पाटी डोक्यावर न्हाई." तिचे डोळे भरून आले होते. त्या संध्याकाळी खोटं काहीच नव्हतं, हेच तर अवघड आहे. सगळ्यांचा जीव होता त्यात.

पण जंतूंना पुरण, गूळ आणि गव्हाचं पीठ दोन ट्रॉल्या भरून एका रात्रीत दिलं तर ते दुसरं काय करणार?

करीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास करुणा नेहमीची फेरी मारायला घुमटाच्या शिडीवर चढली. वर टाकीत पाहायला जाड काचेची गोल खिडकी आहे. तिनं आत पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. रोज हातभर खाली दिसणारी काळी रबडी कुठं दिसेना. दिसत होता तो फक्त तपकिरी फेस, फुटत होता आणि पुन्हा वर चढत होता. गॅस बाहेर काढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला वीतभर कमी.

ती शिडी उतरली कशी, तिलाच ठाऊक. धावत जाऊन तिनं टाकी आणि फुग्याच्या मधला व्हॉल्व्ह आवळला. आता टाकीतला गॅस आडवाटेनं, जादा गॅस जाळायच्या मशालीच्या नळीत जाऊन जळत होता, आणि मेम्ब्रेन फुग्यातल्या साठ्यावर चालू होती. मेम्ब्रेन तूर्त वाचली. पण फुग्यात गॅस होता तीन तासांचा, आणि घड्याळ उरलं होतं सहा तासांचं.

"काय झालं?" विजया मॅडमनी विचारलं.

"टाकीत फेस चढलाय, मॅडम. दोन वाजेपर्यंत बसला तर पुढचे तीन तास जमतील. न्हाई बसला तर..."

"तर मला लाईन बंद पडल्याची वेळ लिहावी लागेल," मॅडम म्हणाल्या. त्या दुष्टपणानं म्हणाल्या नाहीत. त्यांचं कामच ते.

करुणानं पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. यंत्रं त्यांनीच बसवली होती. ते म्हणाले, फेस मारायचं रसायन आहे, आजच गाडीनं पाठवतो, उद्या सकाळी पोचेल. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! वर विचारलं, "पण टाकीला फीड काय दिलंत तुम्ही?"

"रोजचंच," करुणा म्हणाली, आणि दारात जनकाबाई उभी दिसली. बाईचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"रोजचं न्हाई, माय," ती म्हणाली. "काल आमी सगळ्यांनी याला पोळ्या चारल्या. दोन ट्रॉल्या. मीच चारल्या."

करुणानं फोन ठेवला. क्षणभर तिला भयंकर राग आला. काहीतरी कडू बोलायचं होतं तिला, अगदी जिभेच्या टोकावर होतं. पण समोर उभी होती ती हीच बाई, जी त्या सभेत उभी राहिली होती. करुणा एवढंच म्हणाली, "चल, दाखवते काय झालंय ते."

जनकाबाई गुडघ्यावर हात ठेवत शिडी चढली. काचेतून तिनं नीट पाहिलं. मग टाकीच्या भिंतीला कान लावला. आत गुरगुर चालू होती. ती उतरली तेव्हा चेहऱ्यावरची राख गेली होती. कपाळाला आठी होती, गोठ्यात आजारी जनावरापुढे उभी राहिल्यावर असते तशी.

"करुणा, याला आफरा झालाय."

"काय झालाय?"

"अगं, गाय ओला घास लई खाऊन आली की तिचं पोट डाव्या अंगाला फुगतं न्हाई का? वारा असतो, पण फेसात अडकलेला असतो. ढेकर येत न्हाई. तसंच हे. पोटात वारा हाय, पण फेसानं धरून ठेवलाय."

डिप्लोम्याच्या पुस्तकातली अडीच पानं बाईनं एका गायीत सांगून टाकली होती.

"मग गायीला काय करता?"

"तेल पाजतो. करडीचं. तेल गेलं की फेस मोडतो, वारा मोकळा होतो. वरून थोडा हिंग, ओवा, हळद..."

"हळद न्हाई!" करुणा ओरडलीच. "हळदीनं जंतू मरतील. हिंग न्हाई, ओवा न्हाई. नुसतं तेल."

म्हणाली खरी, पण लगेच तिनं जीभ चावली. कारण तेल म्हणजे मेम्ब्रेनचा दुसरा वैरी. कॉम्प्रेसरच्या तेलाचा एक थेंब नळ्यांत जाऊ नये म्हणून तिनं तीन-तीन गाळण्या बसवून घेतल्या होत्या, आणि आता स्वतःच्या हातानं टाकीत तेल ओतायचं? तिनं पुण्याला पुन्हा फोन केला. इंजिनिअर घुटमळले. "खायचं तेल वापरतात काही ठिकाणी, वाचलंय मी. पण मी हो म्हणणार नाही. तुमच्या जबाबदारीवर काय ते करा."

करुणा कॉम्प्रेसरच्या पायरीवर बसली. कसली जबाबदारी नि कसलं काय, तिला भीती वाटत होती. मग ती एकेक धागा सोडवू लागली. कॉम्प्रेसरचं तेल तापतं, त्याची वाफ आणि तुषार गॅसबरोबर जातात. टाकी मात्र शरीराइतकीच कोमट. करडीचं तेल त्या उबेत उडत नाही. ते रबडीवर पसरेल आणि जंतू पुढे तेही पचवतील. मध्ये गॅस थंड करायचं यंत्र आहे, गाळण्या आहेत. म्हणजे धोका थोडा, पण आहे. आणि काहीच न करण्यात धोका नाही, खात्रीच आहे.

"जनकामाय," ती उठली, "तेल किती लागंल?"

"गायीला पावशेर-अर्धा शेर. ही गाय मोठी हाय. दोन डबे तरी लागतील."

व्यंकटराव तोवर धापा टाकत आले होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी टोपी काढली, हात जोडले. "करुणाबाई, चूक झाली माझी. काय करू सांगा."

"काका, माईक घ्या," करुणा म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा कोणी व्यंकटरावांना स्वतःहून माईक घ्यायला सांगितलं असेल. व्यंकटराव नेमकं बोलले: करडीचं तेल, घरात असेल तेवढं, आत्ता, प्लँटवर. एक शब्द जास्त नाही. आणि लोक आले. कालच्याच बाया, कालच्याच वाटेनं, फक्त ताटाऐवजी हातात तेलाची भांडी, कोणाचा तांब्या, कोणाची बाटली, कोणाची फोडणीची बुधली. सोजराबाईनं तर सुनेच्या डोहाळजेवणासाठी घाण्यावरून आणलेला अख्खा डबा उचलून आणला. "वडे काय, मग तळू," म्हणाली.

घुमटाला आतून फेस धुवायला फवाऱ्याचं कडं बसवलेलं आहे, रोज त्याला पाणी जोडतात. बाबूसिंगनं हरभऱ्यावर औषध मारायचा आपला फवारणी पंप आणला, करुणानं तो त्या नळीला जोडला. कोमट पाण्यात तेल घुसळून पंपात घातलं. टाकी उघडायची गरजच नव्हती. पंप घरघरला आणि जनकाबाई शिडीवर चढून काचेला डोळा लावून बसली.

"काय दिसतंय?"

"कायबी न्हाई. तसंच हाय."

साडेबारा. एक. फुगा बाजूनं सैल पडायला लागला. खाली शंभर माणसं उभी होती, पण गडबड नव्हती. विजया मॅडम मीटरपुढे बसून दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत होत्या. सत्याण्णव. सत्याण्णव. करुणा एकदा फुग्याकडे बघे, एकदा शिडीकडे. तिला वाटलं, बस, दोन वाजता लाईन बंद पडली की बॅग भरायची आणि आईला सांगायचं की मी पुन्हा जातेय.

सव्वा वाजता जनकाबाईचा आवाज आला. "करुणा! डोळे पडले, डोळे पडले!"

"काय पडलं?"

"फेसात भोकं पडून राहिली, बाई! मोठमोठी! बसून राहिला बघ, बसून राहिला!"

करुणा धावत वर गेली. खरंच, फेसाला खड्डे पडत होते, आणि खड्ड्यांतून ती ओळखीची काळी रबडी डोकावत होती. त्या घाणीकडे बघून कोणाला इतका आनंद झाला असेल असं वाटत नाही. पावणेदोनला फेस पार खाली गेला. करुणानं आणखी दहा मिनिटं थांबून पाइपातला ओलावा बघितला, पाण्याचा सापळा रिकामा केला, आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. फुगा पुन्हा भरू लागला. मीटर शहाण्णवावर आलं, तिथं थोडं अडलं, आणि मग ते परत सत्याण्णवावर गेलं.

पाच वाजता विजया मॅडमनी घड्याळ बघितलं, मीटरचं सील तपासलं आणि म्हणाल्या, "पास." बाहेर एकच गलका उठला. व्यंकटराव सरळ मातीत बसून रडू लागले.

"फक्त एक रकाना राहिलाय," मॅडम म्हणाल्या. "अडचण आली त्याचं कारण आणि चूक कोणाची."

"माझी," व्यंकटराव नाक पुसत म्हणाले. "भोंगा मी लावला."

"त्यांची कशाला? चारलं मी," जनकाबाई म्हणाली. "माझंच नाव घाला."

"नका घालू," करुणा म्हणाली. "टाकीला काय चालत न्हाई ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं. काम माझं होतं. लिहा माझं."

विजया मॅडमनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी वीस वर्षं तपासणी करते," त्या म्हणाल्या, "चूक माझी म्हणून भांडणारे आजच बघितले." आणि त्यांचा तो न हसायचा नेम मोडला. रकान्यात काहीतरी लिहून त्यांनी वही मिटली.

पुण्याहून फोन आला. इंजिनिअर विचारत होते, मेम्ब्रेन शाबूत आहे ना, आणि तेलाचा सल्ला नेमका कोणत्या तज्ज्ञाचा. "जनकाबाईंचा," करुणा म्हणाली. "चाळीस वर्षांचा अनुभव हाय त्यांना." फोन ठेवून ती उठायला गेली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खुर्ची धरून ती पुन्हा बसली.

जनकाबाईनं झटकन तिचा दंड धरला. "काय झालं गं? जेवलीस कवा?"

"घेतला की चहा."

"चहा न्हाई विचारला. जेवलीस कवा?"

करुणा आठवू लागली. परवाची दुपार असावी. डबा संपल्यावर मीटर सोडून जायला वेळच झाला नव्हता. "परवा," ती म्हणाली, आणि सगळ्यांना कळलं. बाहेरचा गलका दारापासून मागे मागे विरत गेला. पाच गावांनी दोन ट्रॉल्या पोळ्या आणल्या होत्या, टाकीला कुंकू लावलं होतं, हौदाला हार घातला होता. आणि तिथून पन्नास पावलांवर ही पोरगी तीन दिवस जागी बसली होती, तिच्यापुढे एकानंही ताट ठेवलं नव्हतं.

"अरं, आपली अक्कल कुठं चरायला गेली होती?" जनकाबाई कोणाला म्हणाली कोण जाणे. बहुतेक स्वतःलाच. "यंत्राला खाऊ घातलं, अन् ते चालवणारी लेक उपाशी!"

पुरणपोळी तर आता औषधालाही उरली नव्हती. मग सोजराबाईच्या घरची ज्वारीची भाकर आली, मंजुळाबाईचं पिठलं आलं, कोणी कांदा फोडून आणला, कोणी ठेचा. ज्याच्या घरी चुलीवर जे होतं ते. जनकाबाईनं हात दोनदा साबणानं धुतले, ताट करुणाच्या मांडीवर ठेवलं, आणि पहिला घास स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाशी नेला. करुणानं तोंड उघडलं. घास गिळताना तिला हुंदका आला आणि तिनं तो लपवला नाही. तिला ह्या बाईचे, ह्या अडाण्यांचे, ह्या सगळ्या शेणाच्या वासाच्या गावाचे किती उपकार वाटत होते ते तिला सांगायचं होतं, पण तोंडात भाकर होती.

व्यंकटराव दारात उभे राहिले. डोळे पुसून त्यांनी घसा साफ केला, छाती भरून घेतली. "मंडळी, आज आपल्या करुणाबाईंनी..."

"गप बसा हो," जनकाबाई म्हणाली. "आधी जेवू द्या तिला."